गावाचं पाणी मुलांनी तपासावं की नुसतं ऐकावं?

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६, रसायनशास्त्रात बीएस्सी, घरी शिकवण्या घेतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी पाचवी ते नववीच्या मुलांसाठी पाच दिवसांचं उन्हाळी शिबिर घेतलं. विषय पिण्याच्या पाण्याची शुद्धता, जागा शाळेचा हॉल, वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. चौथ्या दिवशी मुलांनी गावातल्या सहा ठिकाणचं पाणी जीवाणू तपासायच्या बाटल्यांत भरलं. पाचव्या दिवशी शाळेच्या नळाची आणि चावडीजवळच्या नळाची अशा दोन बाटल्या काळ्या पडल्या. आठवीतल्या एका मुलाने फोटो काढून 'आपण विष पितोय' असं स्टेटस ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. ताईंना पंचायतीत बोलावणं आलं, 'गावाची बदनामी केलीत' म्हणून ऐकवलं गेलं. सहावीतल्या एका मुलीने शाळेत पाणी पिणंच सोडलं आणि तिच्या घरी जार सुरू झाला. यंदा मुलं पुन्हा विचारू लागली आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, हॉल घ्या, पण तपासणी नको. माहिती द्या, घोषवाक्य स्पर्धा घ्या. घरचे म्हणतात, नसती उठाठेव. ताई विचारतात : 'तपासणीशिवाय शिबिर घेणं मला मुलांशी केलेली लबाडी वाटते. तपासणी घेतली तर गावात तोंड दाखवणं अवघड होईल. काय करू?' खाली ताजा कलम आहे : 'ज्या मुलाने स्टेटस ठेवलं, त्याला यंदा घ्यावं का?'

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात मुख्याध्यापक आहेत, पंचायत आहे, स्टेटसवाला मुलगा आहे, घरच्यांचे टोमणे आहेत. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा वाचूनही सापडली नाही. त्या दोन बाटल्या भरल्या तेव्हा त्याच नळांच्या पाण्यात क्लोरीन किती होतं? हे आधी विचारतेय, कारण तुमचा सगळा पेच एका समजावर उभा आहे : पाणी दूषित होतं, आम्ही ते खरं सांगितलं आणि गावाला ते झोंबलं. झोंबलं हे नक्की. आधीच्या दोन गोष्टींबद्दल मला थोडी शंका आहे.

ती छोटी बाटली मोठी गुणी वस्तू आहे. भारतातल्याच संशोधकांनी १९८२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. विष्ठेतून येणारे बरेचसे जीवाणू आतल्या खाद्यावर वाढताना हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा बाटलीतल्या लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. वीज नको, यंत्र नको, मे महिन्यात तर खोलीतली ऊबच पुरते. पण थर्मामीटरने ताप कळतो, मलेरिया की टायफॉईड ते कळत नाही, तसंच हिचं आहे. मातीतल्या काही जीवाणूंनीही बाटली काळी पडते. एखाद्या बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असतं. नळाच्या तोंडाला शेण-माती लागलेली असू शकते. आणि झाकण उघडताना पोराने बोट आत घातलं असेल, तर ती बाटली गावाच्या पाण्याची नव्हे, त्या बोटाची साक्ष देते.

म्हणून ही बाटली कधी एकटी लावायची नसते. शेजारी क्लोरीनची तपासणी हवी. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की नळाला पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. क्लोरीन व्यवस्थित असूनही बाटली काळी पडली, तर आधी संशय नळाच्या तोंडावर आणि आपल्या हातांवर घ्यायचा. क्लोरीन शून्य आणि बाटली काळी, तर टाकीपासून नळापर्यंत कुठेतरी बिघडलंय, याला बराच आधार मिळतो. क्लोरीन शून्य आणि बाटली स्वच्छ, तर आजचा दिवस निभावला एवढंच. यात आणखी एक बाटली लागते, उकळून गार केलेल्या पाण्याची. तीही काळी पडली तर आपली भरण्याची रीत चुकली किंवा बाटल्याच खराब निघाल्या, आणि सगळं पहिल्यापासून करायचं.

गेल्या वर्षीचं शिबिर वाया गेलं असं मी म्हणत नाही. मुलांना त्या बाटलीचं वेड लागलं, हे काम लहान नाही. पण चौथ्या दिवशी नमुना, पाचव्या दिवशी निकाल आणि दुपारी समारोप, या वेळापत्रकात शंकेला बसायला जागाच नव्हती. यंदा बाटल्या पहिल्या दिवशी भरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बघा, भांडा, 'असं कशाने झालं असेल' याची यादी फळ्यावर लिहा, आणि तिसऱ्या दिवशी त्याच नळांचं पाणी पुन्हा भरा. तपासणी दोनदा केल्यावर मुलं जे शिकतात, ते तुमच्या दहा व्याख्यानांत बसणार नाही.

आता मूळ प्रश्न. मुख्याध्यापकांचा पर्याय मला पटत नाही, पण त्यांची अडचण कळते. शाळेच्या नळाची बाटली काळी झाली की पहिला फोन त्यांना येतो. तरी नुसती माहिती म्हणजे काय? 'पाणी हेच जीवन' हे मुलं पहिलीपासून भिंतीवर वाचत आली आहेत. घोषवाक्य स्पर्धेने कुठल्या गावाचं पाणी सुधारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. दुसरा पर्याय तुम्ही लिहिलेला नाही, पण तुमच्या मनात दिसतो : आपल्याच ओसरीत शिबिर घ्यायचं, तपासण्या करायच्या आणि होईल ते बघून घ्यायचं. ते धाडसाचं वाटेल, पण त्यात मुलं मोठ्यांच्या भांडणात साक्षीदार होतात. दहा-बारा वर्षांच्या पोरांवर ते ओझं टाकू नये. काळ्या बाटलीचा फोटो हातात घेऊन पंचायतीसमोर उभं राहायचं असेल, तर मोठ्यांनी राहावं.

मी वेगळंच सुचवेन, त्यासाठी तुम्हाला आणखी एक गृहीत थोडं बाजूला ठेवावं लागेल. पंचायत म्हणजे पलीकडची बाजू, असं तुम्ही धरून चालला आहात. कदाचित असेलही. पण तुम्हाला बोलावलं, त्या खोलीत जलसुरक्षक होता का? टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकणारा, तुटपुंज्या मानधनावरचा तो माणूस. काळ्या बाटल्यांचा फोटो फिरला तेव्हा सगळ्यात आधी त्याच्यावर शेकलं असणार. आणि तुमच्या पाच दिवसांत त्याला कुणी एकदाही काही विचारलं नाही, असं पत्रावरून दिसतं.

यंदा पहिल्या दिवसाचे गुरुजी त्यालाच करा. त्याला व्याख्यान द्यायला लावू नका, त्याचं रोजचं काम दाखवायला सांगा. बादलीत पावडर कालवतो कशी, वरचं निवळलेलं पाणीच का घेतो, तोंडाला रुमाल का बांधतो. मुलं चार हात लांब उभी राहतील आणि टाकीवर कुणीही चढणार नाही, हे आधीच ठरवून घ्या. मग वही काढा आणि हिशेब मांडा. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर टाकली तर लिटरमागे क्लोरीन पडतं सुमारे ०.८ मिलिग्रॅम. ५० हजार लिटरच्या टाकीला लागली १२५ ग्रॅम. इथवर सातवीची मुलं सहज येतील. आता पुढचं विचारा : पोतं महिनोन् महिने तोंड उघडं ठेवून दमट खोलीत पडलं आणि क्लोरीन १५ टक्क्यांवर आलं, तर त्याच १२५ ग्रॅमचं काय? लिटरमागे ०.४ सुद्धा भरत नाही. त्यातलं काही टाकीतल्या गाळाने खाल्लं, काही जुन्या पाइपने, तर शेवटच्या गल्लीतल्या नळाला उरलं काय? जलसुरक्षक रोज इमानेइतबारे पावडर टाकतो आणि तरी शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य येतं, हे कोडं मुलांना असं उलगडलं, की 'पंचायत विष पाजते' हे वाक्य त्यांच्याच तोंडी टिकत नाही. त्या जागी नेमके प्रश्न येतात. पावडर कधी आणली? कुठे ठेवली? तिची तपासणी कधी झाली? हे प्रश्न पंचायतीला स्टेटसपेक्षा जड जातील, आणि त्यांना उत्तरही द्यावं लागेल.

पंचायतीकडे जाताना परवानगी मागायला जाऊ नका, कळवायला जा. १ मेची ग्रामसभा सोयीची आहे. शिबिर त्यानंतरच्या आठवड्यात ठेवा आणि सभेत दोन मिनिटांत सांगा : मुलं अमुक तारखांना पाण्याच्या तपासण्या शिकणार आहेत, जलसुरक्षकाने एक तास द्यावा, निकाल आधी पंचायतीला लेखी देऊ. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना विचारा. संच कपाटात सील न फोडता पडलेला असेल तर नवल वाटून घेऊ नका, फक्त त्यातल्या रसायनांची मुदत बघा. त्या बायका मिळाल्या तर तुम्ही एकट्या राहणार नाही, आणि 'बीएस्सीवाल्या बाई गावाला शिकवायला निघाल्या' हेही कुणाला म्हणता येणार नाही.

एवढं करूनही पंचायत नाहीच म्हणाली, तर? तर रसायनाविना जे करता येतं ते करा. ते कमी प्रतीचं नाही, खरं तर मला तेच जास्त आवडतं. आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावाच्या पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून पंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमच्या पंचायतीचं कार्ड कुठल्या रंगाचं, हे मुलांना शोधून काढू द्या. मग सकाळी सातला त्यांना घेऊन पाइपलाइनच्या वाटेने चाला. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचलंय का? पाइप गटारातून गेलाय का? हापशाच्या ओट्याला भेग आहे का, सांडपाणी तिथेच मुरतंय का? विहिरीला कठडा आहे का, उकिरडा किती पावलांवर आहे? पाणी दिवसाआड येत असेल तर मुलांना हे नक्की सांगा : पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आतला दाब उतरतो आणि गळक्या जोडातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून नळ सुटल्यावर पहिलं पाणी गढूळ येतं. आमच्याकडे बायका ते सोडून देतात किंवा सड्याला वापरतात. का, ते फार कुणी सांगत नाही. हा नकाशा मोठ्या कागदावर काढला की कुठल्या गल्लीत बाटली काळी पडेल याचा अंदाज मुलं तपासणीआधीच बांधू लागतील.

आता ती सहावीतली मुलगी. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. 'मुलं घाबरतात, म्हणून वाईट निकाल सांगू नयेत का', असं तुम्ही पुढे विचारलं आहे. मुलं वाईट बातमीने तितकी घाबरत नाहीत, जितकी अर्धवट बातमीने घाबरतात. तिला 'पाणी दूषित' एवढंच कळलं. मग काय करायचं, ते कळलं नाही. तिच्या घरच्यांनी जार आणला. त्या जारचं पाणी कुणी तपासलंय? गार पाण्याचे जार गावोगाव टेम्पोतून फिरतात. त्यांतले बरेचसे नुसते झाकण लावलेले असतात, सील वगैरे काही नसतं. यंदा एक बाटली जारच्या पाण्याचीही लावा. निकाल काहीही येवो, 'विकतचं ते चांगलं' या समजुतीला निदान प्रश्न तरी पडेल. आणि त्या मुलीला घरी करता येईल असं काही हातात द्या : पाणी दुपदरी सुती कापडाने गाळायचं, खळखळून उकळी येऊ द्यायची, झाकून गार करायचं.

घरचा विषय निघालाच आहे तर माठ विसरू नका. शिबिरातला सगळ्यात बोलका प्रयोग मला हाच वाटतो. एका घरातून तीन नमुने घ्या. थेट नळाचं पाणी, ओगराळ्याने काढलेलं माठातलं पाणी आणि ज्या माठात सगळे पेला बुडवून पाणी घेतात त्यातलं पाणी. नळाचं पाणी चांगलं आणि पेला बुडवलेल्या माठाची बाटली काळी, असं निघालं तर मुलं गप्प होतात, कारण तो पेला त्यांनीच सकाळी बुडवलेला असतो. पण जरा जपून. ही गोष्ट 'बघा, चूक तुमच्या आयांचीच' या वळणावर जायला वेळ लागत नाही, आणि पंचायतीतल्या काही मंडळींना ते वळण फार आवडेल. माठाला ओगराळं लावणं घरचं काम, नळाला क्लोरीन पोहोचवणं पंचायतीचं. एक झालं म्हणून दुसरं माफ होत नाही, हे मुलांसमोर स्पष्ट बोला.

आणखी एक प्रयोग सांगते, यात मजा आहे. घरोघरी फिरणारा फिल्टरवाला तुम्ही पाहिला असेल. दोन पेले ठेवतो, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. त्यात सळया असलेलं यंत्र बुडवतो, बटण दाबतो. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, गढूळ, किळस येईल असं होतं आणि आरओचं जवळजवळ तसंच राहतं. 'काकू, हे पिता तुम्ही.' मुलांना याची भोंडी आवृत्ती करायला द्या. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, दोन वायरी, दोन लोखंडी खिळे. घरच्या विजेवर अजिबात करू नका. नळाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटांत हिरवट-तपकिरी गाळ धरतो, आरओच्या पाण्यात फारसं काही होत नाही. मग त्या आरओच्या पेल्यात मुलांच्याच हाताने चिमूटभर मीठ टाका. तोही गढुळायला लागतो. ती घाण पाण्यातली नव्हतीच, ती खिळ्याची होती. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड सुटतं. खिळा बाहेर काढून मुलांना बघू द्या, एक टोक कुरतडल्यासारखं झालेलं दिसेल.

इथेच टीडीएस मीटरचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचंही बोलून घ्या, कारण हल्ली ते पेनासारखं यंत्र ज्याच्या त्याच्या खिशात असतं. मानकाप्रमाणे टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण त्या मीटरला जीवाणू दिसत नाहीत. पावसाच्या पाण्यात गटाराचं थोडं पाणी मिसळलं तर टीडीएस अगदी झकास येईल. उलट तुमच्याकडच्या उसाच्या पट्ट्यातल्या विहिरीचं पाणी दिसायला नितळ, चवीला बरं, आणि युरियामुळे नायट्रेट भरपूर, असंही होतं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. त्याच्या साध्या पट्ट्या मिळतात. मुलांना एवढं सांगाच की उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात करून देणं धोक्याचं असतं. 'उकळलं की सगळं गेलं' हा समज मोठ्यांमध्येही घट्ट आहे.

तुमच्या वेळापत्रकाबद्दल स्पष्टच सांगते. मे महिन्यात दहा ते पाच म्हणजे मुलांचे हाल. साडेसात ते साडेदहा घ्या, हवं तर संध्याकाळी पाचनंतर तासभर. नदीवर जायचं तर घाटाच्या वरच्या पायरीवरून बघायचं, पाण्यात कुणीही उतरायचं नाही, नमुना मोठ्या माणसाने दोरी बांधलेल्या बादलीने काढायचा. दरवर्षी सुट्टीत विहिरीत-नदीत मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि पाण्याच्या शिबिरात तसं काही घडलं तर त्यापुढे बाकी सगळं फोल आहे. क्लोरीन तपासायचं ओटीचं (ऑर्थोटोलिडीनचं) द्रावण आम्लाचं आणि विषारी असतं, त्याचे थेंब तुम्हीच हातमोजे घालून टाका. मुलांच्या हाती द्यायचं तर डीपीडीच्या गोळ्या बऱ्या, पाणी गुलाबी होतं. काळ्या पडलेल्या बाटल्या कुणी उघडून वास घ्यायचा नाही. आत जंतूंची शेतीच झालेली असते. दाट ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून तुम्हीच त्यांची विल्हेवाट लावा.

आणि मे महिना फसवा असतो, हे मुलांना कळायला हवं. पाण्यातून आजार पसरतात ते पहिल्या पावसानंतर, उघड्यावरची घाण वाहून विहिरीत, ओढ्यात आणि गळक्या पाइपांत उतरते तेव्हा. मे महिन्यात स्वच्छ निघालेली बाटली जुलैत काळी पडू शकते. शिबिरातली चार-सहा मुलं निवडा, जुलैच्या एका रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत तेच नळ, तीच वेळ, तीच रीत. मधल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन वेळचे आकडे शेजारी शेजारी ठेवता येतील. तोवर संशयित नळांचे नमुने शासकीय प्रयोगशाळेत पाठवा. निर्जंतुक बाटली तिथूनच आणायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. फी फार नसते. तुमची बाटली संशय सांगते, निकाल प्रयोगशाळेचा. पंचायतीशी बोलताना हा फरक तुमच्याच बाजूने उभा राहील.

हे वाचणाऱ्या इतरांना एवढंच सांगते, की हाच कार्यक्रम जसाच्या तसा उचलू नका. यवतमाळ, चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत आधी फ्लोराइड बघायला हवं, मर्यादा १ मिलिग्रॅम, फार तर दीड. जास्त फ्लोराइडने दातांवर डाग पडतात, पण तिथे मुलांना एकमेकांचे दात तपासायला लावू नका, ज्याच्या दातांवर डाग असतील त्याला जन्मभर चिडवतील. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार आधी. शहरात सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि टँकर, या तिघांची चौकशी मुलांना करू द्या. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर आला, तेव्हा कित्येक सुशिक्षित घरांना आपलं पाणी विहिरीचं की धरणाचं आणि त्यात क्लोरीन कोण टाकतं, याची पहिल्यांदाच चौकशी करावी लागली. दहा वर्षांचं पोरगंही ती चौकशी करू शकतं.

मुख्याध्यापकांना काय सांगायचं? शाळेच्या नळाचा नमुना त्यांच्यासमोर, त्यांच्याच हाताने भरायला सांगा. निकाल आधी त्यांना कळेल, दोनदा तपासल्याशिवाय आणि प्रयोगशाळेत गेल्याशिवाय बाहेर जाणार नाही, असं लेखी द्या. पण कायमचा लपवून ठेवू, असं वचन देऊ नका. मागितलं तरी. प्रयोगशाळेनेही दूषित म्हटलं आणि तरी महिनाभर काही हललं नाही, तर पालकांना सांगणं तुमचं काम आहे, आणि तिथे मी तुम्हाला गावात तोंड दाखवण्याची काळजी करू नका असंच म्हणेन. एवढं सगळं रीतसर केल्यावर बदनामी कुणाची व्हायची ते ठरलेलं असतं.

आता ताजा कलम. त्या मुलाला घ्याच, आधी त्याचं नाव लिहा. फोटो काढून चार लोकांना सांगावंसं वाटणारा पोरगा तुम्हाला हवाच आहे. मोबाइलवर बंदी घालू नका, ती टिकत नाही. त्याला नोंदींचा प्रमुख करा आणि दोन वाक्यं फळ्यावर लिहून दाखवा. एक त्याचं, 'आपण विष पितोय'. दुसरं असं : '६ मे, सकाळी ८, शाळेचा नळ, तोंड पुसून तीन मिनिटं पाणी सोडल्यावर नमुना, क्लोरीन शून्य, बाटली २४ तासांत काळी, उकळलेल्या पाण्याची बाटली स्वच्छ.' पहिल्या वाक्यावर काय उत्तर देता येईल आणि दुसऱ्यावर काय, हे मुलांनाच विचारा. मग प्रत्येक नमुन्याची ओळ त्याने अशीच लिहायची, आणि ज्याने नमुना भरला त्याने शेजारी सही करायची. वही पक्क्या बांधणीची घ्या, सुट्या कागदांचं एखादं पान नेमकं नको तेव्हा हरवतं. लिहायला पेन्सिल द्या, ओल्या हातांनी शाई फिसकटते. आणि बाटल्या मागवताना मुदतीची तारीख दुकानदाराकडून फोनवरच वाचून घ्या.